धरलेलं मनगट

कुमुदताईंची आणि माझी पहिली ओळख उल्हासनगरच्या कॉलेजात झाली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात. मी चामटोलीहून दोन वाहनं बदलून यायची, त्यामुळे पहिल्या तासाला उशीर ठरलेला. समाजशास्त्राच्या नव्या मॅडम ओरडणार या तयारीनं मी दारात उभी राहिले. त्यांनी मला आत घेतलं आणि विचारलं, तुमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं? मी म्हटलं, आई. मग त्यांनी हाच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला. मराठी, सिंधी, उत्तरेकडच्या, बहुतेक सगळ्या मुलींचं उत्तर आई असंच आलं. ताई खूश होऊन फळ्याकडे वळल्या, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक सिंधी मुलगी म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ मम्मी तो लेट उठती है. कामवाली बाई पहले आती है, तो वही पहले उठती होगी ना?"

वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या की याचं उत्तर माझ्याकडे आज नाही, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला एक काम दिलं. त्या बाईंच्या घरी त्यांच्याही आधी कोण उठतं, ते विचारून यायचं. उत्तर आलं, बाईंची थोरली मुलगी, पाणी भरायला. ती मुलगी पुढे माझी मैत्रीण झाली. घरी काम करणाऱ्या बाईंचं नाव आपल्याला तोवर माहीत नव्हतं, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

प्राध्यापक असून वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. नंतरही फारशा पाहिल्या नाहीत. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या निमित्तानं निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या पुस्तकांवर, व्याख्यानांवर आणि त्यांनी उभ्या केलेल्या अभ्यासक्रमांवर जाणकार मंडळी लिहितीलच. माझ्या वाट्याला वेगळं काम आलं आहे आणि ते ताईंनीच दिलेलं आहे. समितीनं मला लेख लिहायला सांगितला, तेव्हा मी रीतीप्रमाणे ताईंची परवानगी घ्यायला गेले. त्या म्हणाल्या, "हळदीकुंकवाचं लिहिणार असशील तर लिही, सुरेखा. नाहीतर शाल आणि नारळ पुरे आहे."

गौरवग्रंथात चुका छापायची पद्धत नाही. पण ताईंपुढे पद्धतीचं कधी कुणाचं चाललंय?

तेव्हा ताई अंबरनाथ पूर्वेला राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे बायकांची बैठक भरायची. जिन्यावर चपलांचा एवढा ढीग पडायचा की खालचे गृहस्थ सोसायटीकडे दर महिन्याला तक्रार करायचे. येणाऱ्यांत बदलापूरच्या कात्रपमधल्या गृहिणी होत्या, शिक्षिका होत्या, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांसाठी घरी बसून धागे कापणाऱ्या होत्या, आणि आमच्यासारख्या नुकत्या नोकरीला लागलेल्या ताईंच्या विद्यार्थिनी. मंडळाला नाव होतं, पण सगळ्या ‘रविवार’च म्हणायच्या. रविवारला येणार का, एवढं विचारलं की कळायचं.

या रविवारचा अर्धा भार वच्छलाताईंवर होता. वच्छलाताई सरकारी दवाखान्यात आया होत्या, राहायला उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. तरुणपणी नवरा गेला, दोन मुलं त्यांनी एकटीनं वाढवली. मार खाऊन आलेली एखादी बाई रविवारी दारात उभी राहिली की कामाची वाटणी न बोलता व्हायची. कुमुदताई पोलीस चौकीत जायच्या आणि वच्छलाताई त्या बाईच्या सासरी, तिचे कपडे आणि मुलांचे दाखले आणायला. चौकीतले लोक कुमुदताईंचं ऐकायचे, कारण त्या प्रोफेसर. सासरचे वच्छलाताईंना वचकून असायचे, कारण त्या घरातली निम्मी माणसं जन्मली तेव्हा वच्छलाताई तिथे हजर होत्या. संध्याकाळी दोघी परत यायच्या आणि गॅलरीत चहा पीत एकमेकींना दिवसभराचं सांगायच्या. त्या हसायला लागल्या की आम्ही आत बसलेल्या उगाच हसायचो. इतकं मनापासूनचं हसणं मी ताईंच्या घरी नंतर ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही होती. वच्छलाताई त्यांना ‘ताई, तुम्ही’ म्हणायच्या. ताई त्यांना ‘वच्छला, तू’ म्हणायच्या. वयात दोन-तीन वर्षांचा फरक. जवळीक म्हणून आम्हाला ते गोडच वाटायचं.

मग ताईंचे यजमान गेले. तोवर ताईंचं आमच्यासमोर विधवांच्या प्रश्नावर कितीतरी वेळा बोलून झालं होतं. पण त्या वर्षी संक्रांतीनंतर वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं आणि सोसायटीतल्या बायका नटूनथटून जिना चढून ताईंच्या दारावरून वर गेल्या. ताई दारात उभ्या होत्या. आदल्या वर्षापर्यंत ज्या हाताला धरून त्यांना वर न्यायच्या, त्यांनी या वेळी नुसती मान हलवली आणि नजर चुकवली. एवढी वर्षं पुस्तकातलं वाटलेलं दुःख आपल्या उंबऱ्यावर येऊन उभं राहिलं, असं ताई म्हणाल्या. ते दुःख खरं होतं. आज सगळं माहीत असूनही मी त्याला कमी लेखणार नाही.

पुढच्या संक्रांतीला रविवारनं हळदीकुंकू करायचं ठरवलं. सगळ्यांचं. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडलेल्या, सुटलेल्या, सगळ्या बायकांना एकच मान. अंबरनाथला एका शाळेचा हॉल घेतला. तिळगूळ माझ्याकडे होता. वाण म्हणून स्टीलच्या डब्या आणल्या. चामटोलीहून माझी विधवा चुलती आली, ती ठेवणीतली साडी नेसून. आमच्या आगऱ्यांत नवरा गेल्यावर बाईनं लग्नातल्या मांडवाच्या मागे बसायचं, तिनं तर तसं अर्धं आयुष्य काढलेलं. हॉल भरला. ताईंनी ठरवलं होतं की पहिला मान वच्छलाचा. त्यांच्या दृष्टीनं यापेक्षा मोठं देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. वच्छलाताईंना आधी विचारायला हवं, हे ताईंच्या मनात आलं नाही, कारण जिवाभावाच्या माणसाला मान देताना कोण विचारतं?

मी ताट धरून शेजारी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. बाकी हॉलला फक्त दिसलं. ताईंनी कुंकवात बोट बुडवून वच्छलाताईंच्या कपाळाकडे नेलं आणि वच्छलाताईंनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही, हळूच. म्हणाल्या, "ताई, माझ्या आईनं हे स्वतःच्या हातानं पुसलंय. नवरा जित्ता असताना. धम्म घेतला त्या दिवशी, मी तिच्या कडेवर होते. मला परत कुठं नेताय?"

सगळ्याच बौद्ध घरांत असं झालं नव्हतं. कितीतरी बायकांनी कुंकू ठेवलं आणि ते त्यांचं त्यांना शोभलं. पण वच्छलाताईंच्या घरी ते पुसलं गेलं होतं, आणि ते दुःखानं नव्हे. आमच्यासाठी कुंकू लावणं म्हणजे बंड होतं. त्यांच्या आईचं बंड त्याच्याही आधी आणि बरोबर उलट्या दिशेनं होऊन गेलं होतं. ज्या रांगेत आम्ही त्यांना मोठ्या प्रेमानं पहिला नंबर देत होतो, ती रांगच त्यांच्या घरानं सोडली होती.

ताईंचा चेहरा उतरला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "वच्छला, सगळे बघताहेत गं. एवढ्यापुरतं."

वच्छलाताईंनी मनगट सोडलं.

कुंकू लागलं. टाळ्या झाल्या. मग एकेक बाई पुढे आली आणि हॉलमध्ये रडणं-हसणं एक झालं. माझी चुलती परत परत कपाळाला हात लावून बघत होती. जाताना मला म्हणाली, "आज माना बरा वाटला गो." तेही खरं होतं. एकाच हॉलमध्ये, एकाच करंड्यातल्या कुंकवानं एकीला बरं वाटलं आणि एकीचं काहीतरी हिरावलं गेलं, आणि दोन्ही खरं होतं. वच्छलाताई शेवटपर्यंत बसल्या. वाण घेतलं. शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत.

ताई काही दिवस रागात होत्या. एवढं प्रेमानं केलं आणि तिनं असं करावं, हे त्या बोलूनही दाखवायच्या. मग बोलणं कमी झालं. मग एकदा त्या उल्हासनगरला वच्छलाताईंच्या घरी गेल्या. काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. वच्छलाताईंनी खुर्ची पुसून दिली, चहा केला, मुलांच्या नोकऱ्यांचं, पाण्याच्या टंचाईचं सगळं बोलल्या. ताई निघताना दारात थांबल्या. वच्छलाताईच म्हणाल्या, "माफी नका मागू, ताई. मागितलीत तर मला द्यावी लागेल."

त्यानंतर ताई बदलल्या, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. वर्गात कुणी ‘बाई’ म्हटलं की त्यांचा प्रश्न तयार असायचा, कुठली बाई? कोणत्या जातीची, कोणाच्या घरातली, कोणाच्या घरी राबणारी? बाईला बाई म्हणून सोसावं लागतं हे खरं, पण कुठलीही बाई नुसती बाई नसते, आणि ज्या बाईला आपण नुसती बाई आहोत असं वाटतं तिला ते परवडत असतं, असं त्या म्हणायच्या. कोकणस्थ घरात वाढलेल्या ताईंना आपलं दुःख हे सगळ्या बायकांचं दुःख वाटलं होतं, आणि हे त्या भर सभेत स्वतःवर घेऊन सांगायच्या. हळदीकुंकवाची गोष्ट त्यांनी लेखात लिहिली. तो लेख गाजला. ताईंना पुण्या-नागपूरला बोलावणी येऊ लागली. तो लेख आजही मुली मोबाइलवर एकमेकींना पाठवतात, त्यातली वाक्यं घालून भाषणं करतात आणि बक्षिसं आणतात.

इथे मला थांबावं लागतं. त्या लेखात वच्छलाताईंचं नाव नाही. ‘माझी एक मैत्रीण’ असं आहे. ताईंना वाटलं होतं की तिला उघडं पाडू नये. हेतू चांगलाच होता, हळदीकुंकवाचाही चांगलाच होता. पण झालं काय, की विचार वच्छलाताईंच्या मनगटाच्या पकडीतून आला आणि ओळखला गेला ताईंच्या नावानं. ताई व्याख्यानाला गेल्या की त्यांना हार मिळायचा. वच्छलाताई दवाखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा वॉर्डात पेढे वाटले गेले आणि त्या बसनं घरी गेल्या. त्यांना कुणी कुठे बोलायला बोलावलं नाही. रविवारही हळूहळू बंद पडला. लोक म्हणतात, काळ बदलला. मला विचाराल तर त्या दोघी गॅलरीत हसायच्या बंद झाल्या, तेव्हाच तो बंद पडला होता.

ताईंनी त्या चुकीतून नुसता लेख काढला नाही, हे मात्र मला माझ्या अनुभवावरून सांगायचं आहे. काही वर्षांनी चामटोलीची आमची जमीन बिल्डरनं घ्यायची ठरली आणि भावांनी मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. कायदा माझ्या बाजूनं होता. मी ताईंकडे गेले ती त्यांनी मला लढ म्हणावं म्हणूनच. आधीच्या ताई असत्या तर त्यांनी मला लढाईला पाठवलं असतं आणि वर वकीलही दिला असता. या ताईंनी विचारलं, सही नाही केलीस तर तुझं माहेर राहील का? नाही राहिलं तर तुला ते सोसेल का? तुझ्या भावजयांचं काय, त्यांनीही त्यांच्या माहेरी सही केली असेल ना? मी घरी जाऊन रडले आणि सही केली. ताईंनी मला त्याबद्दल कधी एका शब्दानं टोकलं नाही. सहीचं मला आजही वाईट वाटतं, गणपतीला माहेरी गेले की समोरचा टॉवर बघवत नाही. पण त्या दिवशी आपल्या मताची शाल माझ्या अंगावर न टाकणारी एक व्यक्ती होती, एवढं समाधान आहे.

आता या समारंभाचं. समितीत आम्ही सगळ्या ताईंच्याच विद्यार्थिनी. पहिल्या बैठकीत उत्साहानं ठरलं की पंच्याहत्तर दिव्यांनी ताईंचं औक्षण करायचं, आणि ओवाळायला पाच सुवासिनी. हे ठरवताना एकीच्याही जिभेला अडखळायला झालं नाही. ताई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. त्या आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, मग मी तुम्हाला शिकवलं तरी काय? दिवे रद्द झाले. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं की वच्छलाकडे जा, तिला या ग्रंथासाठी लेख माग, आणि निदान तिचं नाव छापायची परवानगी तरी घेऊन ये.

मी चार नंबर कॅम्पात गेले. वच्छलाताई थकल्या आहेत, गुडघे धरलेत, पण नजर तीच. त्यांची नात कॉलेजात आहे. तिच्या अभ्यासाला ताईंचा तो लेख लागलेला आहे. नातीलाही ती ‘एक मैत्रीण’ आपली आजी आहे हे गेल्या वर्षीच कळलं होतं. वच्छलाताई मला म्हणाल्या, "लेख कशाला पाहिजे गं माझा वेगळा? त्यांच्या सगळ्या लेखात मीच तर हाय."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यामुळे ऐकवेना. मी नावाचं विचारलं. त्यांनी नातीला चहा आणायला सांगितलं. नात चहा घेऊन आली. मग म्हणाल्या, "लिव नाव. आडनावासकट लिव. आणि माझ्या आईचंपण लिव. पुसलं तिनं होतं, मी नुसता हात धरला."

म्हणून लिहिते. त्यांचं नाव वच्छला सोनवणे. त्यांच्या आईचं नाव गिरजाबाई. कुमुदताईंच्या ज्या विचारासाठी आपण सगळे आज त्यांचा गौरव करतो आहोत, तो या दोघींकडून आलेला आहे. हे छापून यायला उशीर झाला, फार उशीर झाला, आणि त्याचं दुःख या ग्रंथाच्या कितीही पानांनी भरून येणारं नाही. ताईंचीही तशी अपेक्षा नाही.

निघताना मी वच्छलाताईंना समारंभाचं आमंत्रण दिलं. येईन असं त्या म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी आतून हाक मारली आणि एक निरोप दिला, "कुमुदला म्हणावं, तब्येत सांभाळ. माझं बोलायचं राहिलंय अजून."

तो निरोप मी जसाच्या तसा ताईंना सांगितला. त्यांनी मला तो पुन्हा सांगायला लावला. तिनं कुमुद म्हटलं का, हे दोनदा विचारलं. मग त्या उठल्या, चुकवलेली बीपीची गोळी घेतली आणि उद्यापासून सकाळी फिरायला जाणार असं जाहीर केलं. डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते झालं.

अशा ग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ताई, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो ते त्या बोलण्यासाठी. वच्छलाताईंनाही तेवढंच लाभो, आणि त्यांचे गुडघे तुमचा जिना चढण्याइतके बरे होवोत. नाही झाले तर तुम्हीच कॅम्पात जा. पण या वेळी तुम्ही ऐका, ताई. तुमचं बोलून झालंय.